मोजणी फेब्रुवारीतली, पाणी जुलैतलं : वसई तालुक्यातल्या एका फिरत्या दवाखान्याचं प्रकरण

हे प्रकरण लिहिताना गावांची, संस्थेची आणि माणसांची ओळख काढून टाकली आहे. आम्ही केलेल्या मोजणीचे नेमके आकडेही देत नाही, कारण एवढ्या लहान वस्त्यांच्या बाबतीत आकड्यावरूनच गाव ओळखू येतं. बाकी सगळं जसं घडलं तसं.

पार्श्वभूमी

दादरच्या एका छोट्या वैद्यकीय संस्थेला तीन वर्षांसाठी देणगी मिळाली. अट एकच होती : वसई तालुक्यातल्या खाडीकाठच्या लोकांसाठी आठवड्यातून एक दिवस दवाखाना चालवायचा. डॉक्टरबाई तयार होत्या, त्यांचा स्वतःचा दवाखाना मंगळवारी बंद असे. सोबत एक नर्स, औषधांच्या दोन पेट्या आणि विरारहून भाड्याने घ्यायची गाडी. सकाळी दादरहून विरार लोकल, तीही गर्दीच्या उलट्या दिशेने, त्यामुळे बसायला जागा मिळे. दवाखान्याची जागा ठरवायला चौघांची समिती नेमली. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेलो. ‘सर, तुम्हाला नकाशे कळतात,’ म्हणून मला त्यात घेतलं.

तालुका कागदावर सोपा दिसतो. दक्षिणेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचं मुख. उत्तरेला वैतरणेची खाडी. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र. वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवलं की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्या त्रिभुज प्रदेश बनवत नाहीत, खाड्या बनवतात. उल्हास सुमारे १२२ किलोमीटरच वाहते, सह्याद्रीवरून भरकन खाली उतरते, आणि मुखाशी भरती-ओहोटीचा जोर एवढा की गाळाला एका जागी साचून पंख्यासारखं पसरायला सवड मिळत नाही. व्याख्या म्हणून हे बरोबर आहे. पण काठावर उभं राहिलं की त्रिभुज प्रदेशात जे दिसायला हवं तेच सगळं इथे दिसतं : गाळाची सपाट जमीन, तिवरांची रानं, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली खारजमीन, बांधातल्या उघाड्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं, मिठागरं, पाण्याने वेढलेल्या वस्त्या. नालासोपारा हे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला. ज्या बंदरात परदेशी गलबतं येत, ती खाडी गाळाने भरून गेली आणि आज स्टेशनच्या आजूबाजूला इमारतीच इमारती आहेत. इथला काठ एका जागी राहत नाही, हे मला माहीत होतं. दवाखान्याची जागा ठरवताना मात्र त्याचा विचार मी केला नाही.

लोकवस्तीही तशीच थराथरांची. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना चाळी आणि टॉवर. पश्चिमेच्या पट्ट्यात केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या, त्यापुढे कोळीवाडे. डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी पाडे, आणि खाडीच्या कडेकडेने मिठागरं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. पण त्याच तालुक्यात होडीशिवाय पोचता येत नाही अशी गावंही आहेत.

या कामाशी मुंबईचा संबंध काय, असं एका विश्वस्तांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. दादरला माझ्या घरी नळाला येणारं पाणी वैतरणा, तानसा आणि भातसा या नद्यांवरच्या धरणांमधून येतं. तानसा धरण १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं. तानसा पुढे वैतरणेला मिळते, भातसा काळू नदीतून उल्हासला. म्हणजे वसई तालुक्याच्या दोन्ही खाड्यांच्या वरच्या अंगाचं गोडं पाणी आम्ही पितो, आणि त्यांच्या मुखाशी राहणाऱ्या बायका मचूळ विहिरीवर उभ्या असतात. मला हे कारण पुरेसं वाटलं, आजही वाटतं.

अडचण : गाव आहे, पण आकड्यात नाही

जागा ठरवायची तर आधी माणसं किती आणि कुठे हे कळायला हवं, असं आम्ही धरलं. इथेच पहिला गुंता झाला.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. गावं वगळा म्हणून मोठं आंदोलन झालं, त्यातल्या २९ गावांचा वाद पुढे वर्षानुवर्षं कोर्टात चालला. पण २०११ ची मोजणी झाली तेव्हा ही गावं महापालिकेत होती. गाव महापालिकेत गेलं की जनगणनेच्या पुस्तकातून गाव म्हणून त्याची ओळ जाते आणि त्याची माणसं वॉर्डाच्या बेरजेत मिसळतात. आम्हाला हव्या असलेल्या एका मोठ्या गावाचा स्वतंत्र आकडा म्हणून २००१ चाच मिळाला. उलट पाण्यापलीकडचं एक गाव ग्रामपंचायतीतच राहिलं होतं, त्याची ओळ शाबूत होती.

ग्रामीण आणि शहरी या शब्दांचा जमिनीशी संबंध आपल्याला वाटतो तेवढा नसतो, हे इथे वाचकांसमोर ठेवायला हवं. जनगणनेत शहर दोन प्रकारे ठरतं. नगरपरिषद, महापालिका किंवा छावणी मंडळ असेल तर ते कायद्यानेच शहर, मग तिथे भात पिकत असला तरी. नसेल तर तीन कसोट्या : किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता. आमच्या यादीतलं एक गाव या तिन्ही कसोट्यांच्या जवळपासही जात नव्हतं. ते महापालिकेच्या हद्दरेषेमुळे शहर झालं होतं.

आरोग्यसेवेच्या बाबतीत याचे परिणाम फार ठोस आहेत. ग्रामीण भागात सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. डोंगराळ व आदिवासी भागात तोच ३,००० आणि २०,००० वर येतो. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष ५०,००० लोकांमागे एक. म्हणजे रेषा सरकली की त्याच घरातल्या त्याच बाळंतिणीसाठी हिशेब पाच हजारांवरून पन्नास हजारांवर जातो. रोजगार हमी जाते, ग्रामसभा जाते. ज्या माणसांनी गावं वगळा म्हणून मोर्चे काढले त्यांच्या मनात जमीन आणि कर होते हे खरं, पण हा हिशेबही त्यांना नीट ठाऊक होता. मुंबईत बसून आपण त्या आंदोलनाकडे हट्ट म्हणून पाहिलं, ते चुकलं.

समोर असलेले पर्याय

तीन जागा पुढे आल्या. पहिली रस्त्यावरचं मोठं गाव. नुकतंच महापालिकेत गेलेलं, समाजमंदिर फुकट मिळत होतं, स्टेशनपासून शेअर रिक्षाने पाऊण तास. दुसरी पाण्यापलीकडचं कोळ्यांचं गाव, होडीने जायचं, धक्का गाळाने भरत आलेला. तिसरी मिठागराची वस्ती, बांधावरच्या कच्च्या रस्त्याने जायचं, तिला ना स्वतःचा सरपंच ना स्वतःचा आकडा. मिठागरांच्या जमिनी या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी केंद्राच्या मीठ विभागाकडे आहेत, त्यामुळे तिथे पक्कं काही बांधायचं कुणी मनावर घेत नाही.

चौथा पर्याय, गाडी दर मंगळवारी वेगळ्या ठिकाणी न्यायची, तो डॉक्टरबाईंनीच मांडला आणि त्यांनीच मागे घेतला. रक्तदाबाचा आणि साखरेचा रुग्ण पुन्हा पुन्हा तपासायला लागतो, महिन्यातून एकदा उगवून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं.

बैठक दोन तास चालली. विश्वस्तांचा प्रश्न रास्त होता : एका रुग्णामागे खर्च किती पडेल? देणगीदाराला दर सहा महिन्यांनी हाच आकडा द्यायचा होता. मी २००१ ची लोकसंख्या, मतदारयादी आणि नव्या चाळींचा अंदाज जोडून एक तक्ता केला. तक्त्यात रस्त्यावरचं गाव इतर दोन्हींच्या कितीतरी पुढे होतं. मिठागराच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘हंगामी वस्ती, पावसाळ्यात रिकामी.’ हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीठ पिकतं ते साधारण दिवाळीनंतर पावसापर्यंत, म्हणून मी तसं गृहीत धरलं.

पहिला निर्णय आणि त्याचा परिणाम

दवाखाना रस्त्यावरच्या गावात सुरू झाला. पहिल्याच महिन्यापासून रांग लागली. विश्वस्त खूश होते, मीही होतो.

डॉक्टरबाई नव्हत्या. चौथ्या महिन्यात त्यांनी नोंदवहीत ‘कुठून आलात आणि कसे आलात’ असा रकाना वाढवला. दोन महिन्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, “सर, हे जरा तुमच्या नकाशावर मांडून बघा.” मी मांडलं. बहुतेक रुग्ण नव्या चाळींतले आणि इमारतींतले होते. त्यांना स्टेशनजवळ चार दवाखाने होते. आमच्याकडे औषध फुकट मिळतं म्हणून ते येत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं, तीही कष्टाची माणसं. पण कोळ्यांच्या गावातून सहा महिन्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं आली होती. मिठागरातून एकही नाही.

म्हणजे देणगी ज्यांच्या नावाने आली त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. आकड्याने आम्हाला गर्दीकडे नेलं होतं, आणि गर्दी जिथे असते तिथे वाट असते, दुकानं असतात, डॉक्टरही असतो.

त्या शनिवारच्या बैठकीत विश्वस्तांनी विरोध केला. इतके रुग्ण सोडून कमी रुग्णांकडे जायचं, हे देणगीदाराला कसं पटवायचं? डॉक्टरबाईंनी एकच गोष्ट सांगितली. कोळ्यांच्या गावातली एक बाई आली होती, पायाची जखम तीन आठवडे जुनी. उशीर का, तर जायला होडी, मग रिक्षा, मग रांग, आणि परतीची होडी चुकली तर रात्र काठावर. आपला दवाखाना तिच्यासाठी होता, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर विश्वस्त गप्प बसले आणि त्यांनी स्वतः देणगीदाराला पत्र लिहिलं. त्या पत्रासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

दुसरा निर्णय : होडीचा मंगळवार

जागा बदलून पाण्यापलीकडच्या गावात गेलो. अंगणवाडीची खोली मिळाली. पहिल्या मंगळवारी अर्धं गाव आलं. दुसऱ्या मंगळवारी आम्ही अकरा वाजता काठावर पोचलो तर पाणी कुठेतरी लांब, मध्ये गुडघाभर चिखल. औषधांच्या पेट्या डोक्यावर घेऊन नाखव्यांची, म्हणजे होडीवाल्यांची, दोन मुलं आली, डॉक्टरबाई चप्पल हातात घेऊन चालल्या. गावात पोचायला एक वाजला, तोवर माणसं कामाला निघून गेली होती. तिसऱ्या मंगळवारी पुन्हा सुरळीत, चौथ्याला पुन्हा चिखल.

आम्ही याला नशीब म्हणत होतो. नाखवा काकांनी समजावलं. “मास्तर, तुमचा मंगळवार पक्का, पण पाण्याला मंगळवार कळत नाय. तिथी बघा. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल.” अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी उधाण. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हा हिशेब ढोबळ आहे, पण होडी लावायला पुरतो.

मी भूगोलाचा शिक्षक. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीही तेवढी पुढे जाते, हे मी पिढ्यान् पिढ्या फळ्यावर लिहिलं. सात दिवसांत हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे एका मंगळवारी दुपारी भरती असेल तर पुढच्या मंगळवारी त्याच वेळी ओहोटी असणार, हे कागदावर मांडायला मला पाच मिनिटं पुरली असती. ती पाच मिनिटं मी जागा ठरवण्याआधी दिली नाहीत. गावाला लोकसंख्या असते तशी पोचण्याची वेळही असते, आणि खाडीकाठी ती वेळ दर आठवड्याला बदलते.

तिसरा निर्णय : मिठागर वाटेत आलं

तिथीप्रमाणे वार बदलणं शक्य नव्हतं. डॉक्टरबाईंचा दवाखाना मंगळवारीच बंद, आणि दादरहून दुसरं कुणी मिळत नव्हतं. ओहोटीच्या मंगळवारचं करायचं काय, यावर तीन बैठका गेल्या. धक्क्याचा गाळ काढायला अर्ज करावा असं एक मत होतं. अर्ज केलाही, पण गाळ निघण्याची वाट पाहत बसणं शक्य नव्हतं.

मार्ग अंगणवाडी सेविकाताईंनी सुचवला. मिठागराच्या बांधावरचा रस्ता एका ठिकाणी सखल आहे, उधाणाच्या दुपारी तो पाण्याखाली जातो, म्हणून तिथे कुणी जात नाही. पण अष्टमीच्या आसपास दुपारी तो कोरडा असतो. म्हणजे ज्या दुपारी होडी लागत नाही, नेमक्या त्याच दुपारी बांधावरून गाडी जाते. भरतीच्या मंगळवारी कोळ्यांचं गाव, ओहोटीच्या मंगळवारी मिठागर. आम्ही चौघं शिकलेले, तीन बैठकांत जे जमलं नाही ते ताईंनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. प्रत्येक ठिकाणी पंधरा दिवसांनी जाणं होत होतं, तेव्हा पुन्हा तपासणीबद्दलचा डॉक्टरबाईंचा आक्षेपही मिटला.

यातही एक चूक केली, आणि ती माझी. मी वेळापत्रक छापलं : पहिला आणि तिसरा मंगळवार गाव, दुसरा आणि चौथा मिठागर. दोन महिने छान चाललं. मग पाच मंगळवारांचा महिना आला. पाचव्या मंगळवारी सुट्टी, आणि पुढच्या महिन्यापासून सगळं उलटं झालं. गावाच्या पाळीला चिखल, मिठागराच्या पाळीला पाणी. आम्ही सखल भागापाशी गाडी उभी करून परत आलो. पलीकडे बायका मुलांना कडेवर घेऊन उभ्या दिसत होत्या. तो दिवस मला विसरता येत नाही. पाचवा मंगळवार नसता तरी तिथी दर चार आठवड्यांना दीडेक दिवसाने सरकतेच. त्यानंतर आम्ही छापील वेळापत्रक बंद केलं. भिंतीवरच्या कालदर्शिकेत दर मंगळवारची तिथी पाहून तीन महिन्यांची पाळी ठरवायची, आणि मधल्या तिथींना आदल्या रात्री नाखवा काकांना फोन करायचा, असं ठरलं.

मिठागरातली माणसं मोजताना

मिठागरात पहिल्यांदा गेलो ते माघात. वाफ्यांमध्ये फळी ओढणारे पुरुष, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, बांधाला लागून झोपड्या. डहाणू-तलासरीकडून आलेली कुटुंबं जास्त. डॉक्टरबाईंना दिसलं ते असं : पायांना मिठाने पडलेल्या भेगा, उन्हात चकाकणाऱ्या मिठाने लाल झालेले डोळे, आणि लहान मुलांची अर्धवट राहिलेली लसीकरणं. एक डोस मूळ गावात, पुढचा कुठेच नाही.

आम्ही घरटी यादी केली आणि एक प्रश्न जास्तीचा विचारला : पावसात इथे कोण राहतं? एका आजींनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. “जाणार कुठं? गावाला घर पडलं, नवं बांधलं नाय. आमी बारा महिने हितंच.” सगळी नव्हे, पण बरीच कुटुंबं तशी निघाली. माझा ‘पावसाळ्यात रिकामी’ हा शेरा खोटा ठरला.

आणि हा शेरा निरुपद्रवी नव्हता. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पट्टा पाण्याखाली गेला, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, आणि वसईतल्या मिठागर वस्तीत शेकडो माणसं अडकून पडली. पावसात तिथे कुणी नसतं असं ज्याच्या कागदावर लिहिलेलं असेल, तो बोट आधी दुसरीकडे पाठवेल.

जनगणनेची पद्धत इथे समजून घ्यायला हवी. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, संदर्भवेळ, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरतात तो क्षण, १ मार्चच्या मध्यरात्रीची. हवा चांगली, शेतीची घाई नाही, म्हणून हा काळ निवडतात, आणि देशभरासाठी तो बरोबरच आहे. पण फेब्रुवारी हा पालघर जिल्ह्यात मिठागरांचा आणि वीटभट्ट्यांचा ऐन हंगाम. जव्हार-मोखाड्याचे पाडे तेव्हा अर्धे ओस आणि भट्ट्या भरलेल्या. मोठ्या आकड्यांत हे इकडचं तिकडे होऊन जुळतं. एका वस्तीच्या पातळीवर मात्र फेब्रुवारीचा आकडा जुलैबद्दल काही सांगत नाही. कोळ्यांच्या गावात याच्या उलट : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पुरुष घरी, गाव भरलेलं. डॉक्टरबाईंनी पुरुषांची रक्तदाब-साखर तपासणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नेली ती यामुळेच. त्याआधी वर्षभर त्यांना तिथे बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच भेटत होती, आणि नोंदवहीवरून गावातले पुरुष निरोगी आहेत असं वाटत होतं.

मग आम्ही वर्षातून दोनदा मोजायचं ठरवलं, माघात आणि आषाढात. कार्यकर्ते कमी, म्हणून दोन्ही मोजण्या पूर्ण करता येणार नव्हत्या. माघात सगळी घरं, आषाढात फक्त ‘राहणार’ म्हणालेली घरं प्रत्यक्ष जाऊन पाहायची, अशी तडजोड केली.

परिणाम

एका रुग्णामागचा खर्च वाढला, पहिल्या सहा महिन्यांच्या दुपटीच्या वर गेला. देणगीदाराने तरीही तिसऱ्या वर्षाचा हप्ता दिला, विश्वस्तांच्या पत्रासोबत आम्ही दोन नकाशे जोडले होते त्याचा उपयोग झाला. मिठागरातल्या मुलांच्या लसींचा पाठपुरावा आता आशाताईंच्या वहीत आहे. मूळ गावच्या आणि इथल्या आशाताई एकमेकींना फोन करतात, एवढी साधी सोय आधी नव्हती. आषाढाची यादी आम्ही तलाठी कार्यालयात आणि तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे दिली, पोच घेतली.

जे झालं नाही तेही लिहितो. धक्क्याचा गाळ तसाच आहे. रस्त्यावरच्या गावातले रुग्ण आम्ही अचानक सोडले. काही म्हाताऱ्या माणसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आमच्याकडून सुरू झाल्या होत्या, त्यांना दुसरीकडे जोडून द्यायला हवं होतं, ते नीट केलं नाही. डॉक्टरबाईंना याची खंत आहे आणि ती बरोबर आहे.

पुन्हा करायचं झालं तर

लोकसंख्येचा तक्ता मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. आधी प्रत्येक जागेवर दोन मंगळवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसेन, एक पौर्णिमेजवळचा आणि एक अष्टमीजवळचा, आणि माणसं कुठून कशी येतात-जातात तेवढंच लिहीन. ‘कुठून आलात’ हा रकाना पहिल्या दिवसापासून असेल. नाखवा, अंगणवाडी सेविका आणि मिठागरातला एक माणूस जागा ठरवण्याच्या बैठकीतच असतील, आणि ती बैठक दादरला होणार नाही. आमची पहिली बैठक दादरला, संध्याकाळी सहाला झाली, तेव्हा त्यांच्यातलं कुणी येऊच शकत नव्हतं.

पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे माणसं पुन्हा फेब्रुवारीतच मोजली जातील. मिठागरात कोण किती महिने राहतं हे त्यातून कळणार नाही, ते आम्हालाच जाऊन पाहावं लागेल. यंदाची आषाढातली फेरी कृष्ण अष्टमीच्या जवळच्या मंगळवारी ठेवली आहे. त्या दुपारी सखल भाग कोरडा असेल, गाडी साडेदहाला विरारहून निघेल. आजींनी निरोप पाठवला आहे की या वेळी डोळ्यांचं औषध जास्त आणा.